तळघरातले मोजे

गुदैबिया, बहारीन. शुक्रवार, १२ सप्टेंबर. संध्याकाळ.

आज ईराचा व्हिडिओ कॉल आला, तोही तळघरातून. तिच्या त्या जुन्या इंग्लिश गावात दुकानांखाली आठशे वर्षांची तळघरं आहेत म्हणे, आज सगळ्यांना खुली.

"बाबा, लुक, काय कमान आहे!"

मी कमान कसली बघतोय? पोरीच्या पायांत नुसते मोजे.

"बूट कुठे गं?"

"वर काढले. खाली अंधार दिसला आणि काढलेच. गाइड हसला. आई गाभाऱ्यात उतरताना काढायला लावायची ना..."

पंधरा दिवसांपूर्वी हिलाच म्हणालो होतो, 'आईच्या वर्षश्राद्धाला येत नाहीस, तुला कशाचं काही राहिलंय का?' रजा मिळत नव्हती तिला. एवढं संस्कृत शिकून मला सुचलं ते हे! आणि आज ते मोजे, गार दगडावर.

"सर्दी होईल," म्हणालो. मग धीर करून, "श्राद्धाच्या दिवशी तर्पण तूच कर, तिथे. संकल्प मी फोनवर सांगतो."

"चालेल, बाबा." एरवी नुसतं 'ओके' असतं.

संकल्पात स्थळ सांगावं लागतं. बहारीन म्हणजे अरबीत दोन समुद्र, म्हणून दर महिन्याच्या श्राद्धाला 'द्विसागरद्वीपे' म्हणत मी वर्षभर भागवलं, कोणी हरकत घेतली नाही. तिच्या गावाला काय म्हणू? आजवर मी त्याला नुसतं 'तिकडे' म्हणत आलोय.