राजकोटला राहिलेला गिअरबॉक्स

मंगळवार, संध्याकाळ

गिअरबॉक्स अजून राजकोटलाच. डोकं फिरलंय नुसतं. माझ्या जुन्या जीपला तिथं एकदाचा सापडला, तर ट्रान्सपोर्टवाला वस्तूपेक्षा भाडंच जास्त सांगतो. म्हणून आपल्याकडचा गूळ तिकडं उतरवून रिकामा परतणारा ट्रक गाठला. आज ट्रक आला, आणि ड्रायव्हर शिवाप्पा म्हणतो, "पावणं, त्यातनं तेल गळत हुतं. तिथंच ठेवून आलोय. उद्या परत गूळ भरायचा हाय. गाडीला तेलाचा वास लागला तर व्यापारी माल भरू देतोय व्हय?"

सगळं तेल काढून द्या, एवढं विकणाऱ्याला सांगायचं मला सुचू नये? तरी शिवाप्पावरच ओरडलो.

घरी चहा आला. रागातच गुळाचा खडा उचलला, आणि कपात टाकायच्या आधी नाकाला लावून बघितला.