भोपळ्याला दाखवलेलं बोट

१६ जुलै, बुध.
शाळेच्या परसबागेत तिसरा आठवडा. भोपळ्याचे सहा वेल, पाचवीची नऊ मुलं. आज नर फूल आणि मादी फूल. मादीच्या खाली गोटीएवढा भोपळा असतो, त्यामुळे मुलं चुकत नाहीत. सानिकाला म्हटलं, असे भोपळे एकेकावर बोट ठेवून मोज. अकरा. बरोबर. बाकीचे तिच्याकडे बघायला लागले. का, ते विचारलं नाही. मिरजोळ्याला माझ्या लॅबमध्ये तपासायचे मातीचे नमुने वाट पाहत होते.

१९ जुलै, शनि.
अकरातले सात पिवळे पडून गळले. चार दिवस पावसाने उघडीप नाही, मधमाशी फिरकली नाही, परागण झालं नाही. कारण सरळ आहे.

मुलांचं कारण त्याहून सरळ: सानिकाने बोट दाखवलं. पोषण आहार शिजवणाऱ्या काकू हसत म्हणाल्या, "अहो ताई, कोवळ्या फळाला बोट नाय दाखवायचं, कुजतं. मूठ दाखवायची."

सानिका कुंपणाबाहेर उभी. ओंकारने दार आतून धरलेलं. "तू नको गो येऊस. राहिलेत ते पण घालवशील."

बोट ठेवायला मी सांगितलं होतं, हे सर्वांसमोर बोलले. ओंकार म्हणाला, "तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला नाय माहीत."

मी बाहेरची कुठली, इथल्याच लांज्याची. आईसुद्धा मूठच दाखवते. कृषी महाविद्यालयाच्या चार वर्षांत विसरले, इतकंच.

२३ जुलै, बुध.
सानिका बागेच्या तासाला वर्गातच बसली. घरून सांगितलंय म्हणे, कशाला बोलणी खायची. नऊ जणांत नीट पाहणारी ती एकटीच. बाकीचे आधी सांगतात, मग पाहतात. मला ती आत हवी आहे. समजूत घालून उपयोग नाही, प्रयोग हवा.

आराखडा: आठ मादी फुलं. सगळ्यांचं परागण हाताने. चारांना बोट दाखवायचं, लाल दोरा. चारांना नाही, पांढरा दोरा. मी बोट दाखवते म्हटलं. मुलांना नामंजूर. "तुमचं कसं चालेल? तिचंच पायजे." म्हणजे तिला बोलवावं लागणार, हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सा.ला विचारलं. "परत कुजले तर?"
"तर तसं लिहायचं."
"उद्या सांगते."

२७ जुलै
गुरुवारपासून रोज सकाळी सातला बाग, मग लॅब. सा. पहिल्याच दिवशी आली. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आतली दांडी मादी फुलाच्या मधोमध टेकवायची. ओंकार: "ताई, हे तर लगीनच!" काकू स्वयंपाकघरातून: "मग जेवण कुठाय?" आठ पूर्ण. सा.चं बोट चारही वेळा सरळ. दोरे ओंकारने बांधले, गाठी चांगल्या.

२ ऑगस्ट, शनि.
लाल दोऱ्याच्या चारपैकी तीन भोपळे धरले. पांढरे चारपैकी दोन.

ओंकार: "म्हणजे बोट दाखवलं की जास्त धरतात!"
आठ फुलांवरून तेही म्हणता येत नाही, सांगितलं. त्याला पटलं नाही.
"मग कळलं काय?"
"बोट दाखवूनही धरतात, एवढं."
ओंकारने सा.ला पाण्याची झारी दिली. सॉरी वगैरे नाही. तिनेही अपेक्षा केली नसावी. तासभर दोघं शेणखतावरून भांडत होती. ठीक चाललंय.

६ ऑगस्ट, बुध.
लाल दोऱ्याचा एक मऊ पडला. मुलं पुन्हा सा.कडे बघायला लागली. तिथेच चिरला. आत अळ्या. सालीवर फळमाशीने डंख केल्याचं बारीक भोक, भिंगातून प्रत्येकाला दाखवलं. ओंकारने निकाल दिला, "माशीच." बाकीचे पांगले.

सा. भिंग घेऊन बसून राहिली. मग हळूच, "ताई, माशीला नेमका माझाच कसा सापडला?"

माशीला वासाने ओढणारे कामगंध सापळे लावू, ती कुठलं फळ डंखते त्याची नोंद ठेवू, म्हटलं.
"म्हणजे तुम्हाला पण नाय माहीत."
"नाही."

तिने वहीत लिहिलं: लाल दोरा, कारण माशी. तोच का? पुढे जागा सोडली.

मग राहिलेले मोजायला सांगितले. वेलावर नवीन कळ्याही आल्या आहेत. तिने फळं-कळ्या मिळून सगळं मोजलं, एकोणीस. बोटाने की मुठीने, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.