टॅमरॅकच्या टेकडीवरची पाऊण गिरकी

प्रिय मारित,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. तुझी आई ठीक आहे, मी ठीक आहे, कुत्रा जरा जास्तच ठीक आहे, त्याला आता सोफ्यावर चढायला मदत लागते. मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही, म्हणून हे आधी सांगून टाकलं. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आईनं, जोलीननं, तो स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता आणि मी समोरच बटाटे सोलत बसलो होतो. त्यामुळे तू आईला सांगितलंस ते सगळं मी ऐकलं. तिथे युटात तुझी स्कीवरची पाऊण गिरकी पाचात एकदाच जमते. कोच प्रुइट सगळ्या टीमसमोर म्हणाला, ‘मारित, तुझ्या पायांत काही खोट नाही, भीती डोक्यात बसलीय.’ आणि चौदा मार्चच्या निवडीआधीच तू नाव काढून घेऊन घरी परत येणार, कारण भित्र्या माणसानं लोखंडी रेलवर उड्या मारत बसू नये. शेवटी आईनं विचारलं, ‘वेंडेलशी बोलतेस का?’ आणि मी काय बोललो, तर ‘हं’, मग आणखी एक ‘हं’, आणि ‘तिकडे थंडी आहे का?’ फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, ‘पोरगी रडत होती आणि तू काय मिठाची गुळणी धरून बसला होतास?’ तिचं बरोबर होतं. मला बोलायचं होतं, पण तिच्यासमोर आणि फोनवर ते तोंडातून निघेना.

आज रविवार असून स्कीची टेकडी बंद आहे. सकाळी पारा उणे तीसच्या खाली होता, वाऱ्याचं तर विचारूच नकोस. वर ओढून नेणाऱ्या दोराची मोटर चालूच होईना, तेव्हा मॅनेजरनं फाटकाला पाटी लावली आणि मी वर्कशॉपमध्ये हीटरला चिकटून हे लिहितोय. बातम्या फारशा नाहीत. कॅन्टीनमधल्या लोइसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं महिनाभर घरी बस म्हटलेलं असताना बाई बाराव्या दिवशी चिली रश्श्याच्या पातेल्याशी उभी. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाली, ‘वाईट नाही.’ म्हणजे चांगलंच ठणकत असणार. तू मागे म्हणाली होतीस की तिकडची माणसं साध्या उडीलाही ‘अफाट, अफाट’ करतात आणि त्यामुळे आपण खरंच कसे आहोत ते कळत नाही. आपल्याकडे ‘वाईट नाही’च्या वर कौतुकाचा शब्दच नाही, त्यातूनही फार काही कळतं अशातला भाग नाही.

मी तुमच्या घरात राहायला आलो तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तुझा बाप ॲरिझोनाला निघून गेल्याला वर्ष झालं होतं आणि मी त्याच्या खुर्चीत बसायचो, कारण टेबलाला तीनच खुर्च्या होत्या. तू माझ्याशी कामापुरतं बोलायचीस. दूध संपलंय. आई अंघोळीला गेलीय. माझी तक्रार नव्हती, तुझ्या जागी मीही तेवढंच बोललो असतो. पण दुपारी शाळा सुटली की तू थेट टेकडीवर यायचीस आणि टेकडीवर मी असायचोच. बर्फात लोखंडी दांड्यांच्या रेल बसवायच्या, त्यांच्यापुढचा उडीचा चढ बांधायचा, दंताळ्यानं सारखा करायचा, हेच माझं काम. तू दोराला धरून वर जायचीस, खाली यायचीस, पुन्हा वर. महिन्याभरात हातमोज्यांचा चोथा. रेलवर सरळ उडी मारून आडवं उतरायला तू आठवड्यात शिकलीस आणि लगेच तुला पाऊण गिरकी हवी झाली. चढाच्या टोकावरून उडायचं, हवेत डावीकडे पाऊण फेरा घ्यायचा आणि मगच लोखंडावर आडवं उतरायचं. मध्ये रेलकडे पाठ होते, रेल दिसत नाही, आणि तिथे भल्याभल्यांचं अवसान गळतं.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून फेब्रुवारीपर्यंत तू नुसती पडत होतीस. नडगीवर एक जांभळा वळ बरा होण्याआधी दुसरा उठायचा. जानेवारीत हनुवटी फुटली, चार टाके पडले, आणि चौथ्या दिवशी तू चिकटपट्टी लावून दोरापाशी हजर. जोलीन माझ्यावर खेकसायची, ‘तू तिथे उभा राहून नुसता बघतोस?’ नुसता बघत नव्हतो गं. तू चढावर आलीस की मी उगाच नको तिथे दंताळं ओढत बसायचो. पाच वाजले की मी म्हणायचो पुरे, आणि तू म्हणायचीस, ‘अजून दोन.’ टेकडीवर ‘शेवटची’ असं कुणी म्हणत नाही, शेवटची म्हटलं की पाय मोडतो अशी सगळ्यांची पक्की समजूत. ‘अजून दोन’ म्हणायचं आणि एक मारून गुपचूप घरी जायचं. तू मात्र दोन्ही मारायचीस आणि दोन्हींत पडायचीस.

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार. तू आलीस, उडालीस, फिरलीस आणि टक् करून रेलवर उतरलीस, ती पार टोकापर्यंत घसरत गेलीस. स्की काढायचं भानही राहिलं नाही, तशीच आडवी पावलं टाकत चढून वर आलीस आणि माझ्या अंगावर येऊन आदळलीस. हेल्मेट माझ्या दातांवर बसलं. ‘वेंडेल, पाहिलंस ना? पाहिलंस ना तू?’ मी म्हटलं, ‘वाईट नाही.’ त्याच संध्याकाळी जेवताना तू म्हणालीस, ‘वेंडेल, मीठ दे ना.’ त्या घरात तू पहिल्यांदा माझं नाव घेतलंस. जोलीननं माझ्याकडे बघितलं आणि मी ताटात बघितलं. मला तुला कधी सांगता आलं नाही, पण त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे आईला वाचून दाखवू नकोस.

पुढचे पाच हिवाळे टॅमरॅकवर तुझ्या तोडीचं कुणी नव्हतं. पाऊण तर तू झोपेतही मारली असतीस, शाळेच्या शेवटच्या वर्षी सव्वाही बसवलीस. तुझ्या टीमनं तुला घेतलं ते इथे, याच रेलवर काढलेल्या व्हिडिओवरून. बाहेर स्पर्धेला गेलो की मात्र काहीतरी बिनसायचंच. दोन तासांवरच्या त्या मोठ्या टेकडीवर तू पहिल्या वर्षी पडलीस तेव्हा आपण बर्फ कडक होता म्हटलं. दुसऱ्या वर्षी वारा. तिसऱ्या वर्षी जोलीनच्या पॅनकेकना दोष दिला आणि ती दोन दिवस आपल्याशी धड बोलली नाही. ट्रकमध्ये तू टोपी नाकापर्यंत ओढून म्हणालीस, ‘घरी जमते मग इथेच का नाही जमत मला?’ आणि मी रेडिओ मोठा केला. ते मला अजून खातं.

तू आईला पाठवलेला व्हिडिओ मी शुक्रवारी हळू करून बघितला, एकदा नाही, निदान वीसदा. मी काही कोच नाही, दंताळंवाला माणूस आहे, पण उड्या खूप बघितल्यात. तू चढावर येतेस तेव्हा सगळं छान असतं, गुडघे, हात, वेग, सगळं. पण टोक येईपर्यंत तू थांबून राहतेस. गिरकी आपोआप सुरू होईल म्हणून थांबतेस, ती होत नाही, मग हवेत गेल्यावर घाईनं खांदे फेकतेस आणि अर्ध्यावरच खाली येतेस, स्कीची टोकं रेलवर आपटतात. तेव्हा असं कर. चढाच्या निम्म्यावर असतानाच दोन्ही हात आणि छाती जराशी उजवीकडे वळव, पाय मात्र सपाट आणि सरळ ठेव. टोकावर आधी ताठ हो, उडी मार, आणि पाय बर्फातून सुटताना हात डावीकडे सोड. आधी उडी, मग गिरकी. बर्फावर असताना स्की वळवल्यास तर रेलपासून लांब फेकली जाशील. आणि मान. डाव्या खांद्यावरून मागे बघ, रेलचं लांबचं टोक शोध, ते दिसलं की पाय आपोआप जागेवर येतात. आठवडाभर रेलला हात लावू नकोस. साध्या उडीवर पाऊण फिरून बर्फावर आडवी उतर, मग सरावाच्या त्या बुटक्या रुंद पेटीवर, आणि मगच रेलवर. प्रत्येक डावीमागे एक उजवी मार, कितीही भिकार झाली तरी. उजवीकडून तुला कधीच आली नाही आणि ती तुझी बाजूच नाही असं आपण दोघं म्हणत राहिलो. तसं काही नसतं. आणि नव्या स्कीच्या पायाखालच्या कडा कानशीनं बोथट केल्यास का? इथे मी करून द्यायचो, तिथे कुणी करणार नाही. धारदार कड लोखंडात अडकली की संपलं.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो, नाहीतर चौथ्यांदा कागद फाडावा लागेल. त्या मंगळवारी तू शाळेतून यायच्या आधी मी चढाची उजवी बाजू तीन बोटं उंच केली होती. बर्फ ओढला, फावड्याच्या पाठीनं थापला, लांबून कुणाच्या लक्षात येणार नाही असा. चढ उजवीकडे उंच असला की स्की आपोआप डावीकडे वळायला लागते, आणि टोकावर येईपर्यंत गिरकी सुरू झालेली असते. तुझी हनुवटी पुन्हा फुटलेली मला बघवली नसती, तेव्हा एवढंच मनात होतं. एका दिवसापुरतं करायचं आणि बुधवारी सरळ करायचं असं ठरवलं होतं. पण तू येऊन बिलगलीस. बुधवारी दंताळं हातात घेतलं आणि मला ते करवेना. चढ सरळ केला तर तू पडशील, आणि पडलीस की माझ्याशी बोलायची थांबशील, ही भीती मला वाटली. पाच हिवाळे तो तसाच बांधला, आणि तू गेल्यावरही हात तसाच चालत राहिला. उजवीकडे फिरणारी पोरं म्हणायची, ‘वेंडेल, तुझा एक पाय आखूड आहे का रे?’ मी हसण्यावारी न्यायचो. परवा तुझा व्हिडिओ बघितल्यावर जाऊन पाणसळ लावली आणि चढ सरळ केला. काल दिवसभर इथली डावीकडे फिरणारी सगळी पोरं पडली, अगदी तुझ्यासारखीच, अर्ध्यावर, टोकं आपटून. त्यांच्या डोक्यात एका रात्रीतून भीती शिरली नाही. त्यांना कारण सांगितलं, त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. तुझ्यात भीती नाही, मारित. गिरकी सुरू कशी करायची हे तुला शिकायलाच मिळालं नाही, कारण ती मी सुरू करून देत होतो. हे पत्र प्रुइटला दाखव, हवं तर मला फोन करायला सांग, या वेळी मी ‘हं’वर भागवणार नाही. जोलीनला अजून माहीत नाही, पत्र पेटीत टाकून घरी गेलो की सांगणार आहे. तू चिडणार, चिड, तुझा हक्क आहे. चौदाला नाव ठेवायचं की काढायचं ते तू ठरव, आणि घरी यावंसं वाटलं तर ये, पण भित्री म्हणून येऊ नकोस. इथल्या तुझ्या प्रत्येक गिरकीत माझा हात होता. तिथे पाचातली जी एक जमते, तिच्या चढाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. ती सगळी तुझी आहे.

तू बोलायचं थांबवलंस तरी तुझाच,
वेंडेल