शटर लावून केलेला सराव

लातूर, बुधवार

ती. राघवेंद्रदादा यांस,

धाकट्या मामेभावाचा, श्रीपादचा नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला असेल. फोनच करणार होतो, पण फोन सध्या आमच्या सौ. ज्योत्स्नाच्या ताब्यात आहे. का, ते खाली येईलच.

तुम्हाला माहीतच आहे, मला पूलचा नाद आहे (काठीने चेंडू ढकलून टेबलाच्या भोकात घालायचा खेळ, आई अजून त्याला कॅरमच म्हणते). घरात टेबलाला जागा नाही. मोजून पाहिलं, टेबल मावतं, पण मग आम्ही मावत नाही. क्लबात दुपारनंतर गर्दी असते. नेम धरला की मागून कोणीतरी सल्ला देतंच. म्हणून मालक गुरुबसप्पांच्या हातापाया पडून सकाळी आठ ते नऊसाठी किल्ली मिळवली. घरी सांगितलं, शुगर आहे, फिरायला जातो. लक्ष विचलित नको म्हणून फोन घरी ठेवायचा, शटर आतून खाली ओढायचं आणि एकच लांब, सरळ फटका पन्नास वेळा मारायचा.

काल बारावीचा पेपर होता. दहाला मी पर्यवेक्षक म्हणून हजर पाहिजे. नऊला दहा कमी असताना माझे सलग नऊ चेंडू पडले. दादा, आयुष्यात पहिल्यांदा! बघायला कोणी नव्हतं. निघताना शटर उचललं, ते चार बोटं वर आलं आणि अडकलं. ओढलं, लाथा घातल्या, हलेना. साडेनऊ झाले. शेवटी फरशीवर आडवा होऊन फटीतून हाका मारल्या. समोर भाजीवाल्या भामाबाई बसतात.

"कोण हाय आत?"

"मी श्रीपाद सर."

"सर, शटर लावून काय करून राहिले तुमी?"

"सराव."

"कशाचा?" (यावर गर्दी जमली.)

भामाबाईंनीच ज्योत्स्नाला निरोप धाडला. ती आली ती माझा वाजणारा फोन घेऊन. पलीकडे प्राचार्या सौदामिनी मॅडम. तिने फोन फटीतून आत सरकवला आणि एवढंच म्हणाली, "बोला. फिरून झालं असेल तर."

मी पालथा पडूनच म्हणालो, "निघालोच, मॅडम." ते दहाला पाच कमी असताना. गुरुबसप्पा धावत आले, शटरला एक ठोसा घातला आणि ते निमूट वर गेलं. पेपर वाटायला दोन मिनिटं असताना मी वर्गात शिरलो. हातांना निळं काय लागलंय, मॅडमनी विचारलं. खडू, म्हणालो. (काठीच्या टोकाला घासतात तो निळा खडू. दिवसभरातलं एवढंच खरं.)

तेव्हा दादा, फोन जप्त झाला आणि खेळ सुटला. तुमच्या नांदेडच्या रविवारच्या स्पर्धेतून नाव काढतोय.

आपला,
श्रीपाद

ता. क. पत्र ज्योत्स्नाने वाचलं. "बरं लिहिलंय," म्हणाली.

ता. क. २. हे तिने वाचल्यानंतरचं. नाव काढलेलं नाही. काठी पडद्याचा दांडा म्हणून बसच्या पार्सलने तुमच्याकडे निघाली आहे. शनिवारी ज्योत्स्नाला फोन करून मला तातडीने बोलावून घ्या. कारण तुम्हीच शोधा, मला आता खोटं सुचत नाही.

ता. क. ३. भाऊजी, पाकीट मी चिकटवलं. कारण शोधत बसू नका, रविवारी आम्ही दोघंही येतोय. ह्यांना एखादी गोष्ट इतकी मन लावून करताना मी अजून पाहिलेलं नाही. — ज्योत्स्ना