पंगतीतून उठवून घेतलेला अंगठा

पप्पा, तुमच्या त्या अंगठ्यांच्या वहीवर मी जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशावर चिडले नसेन. चर्चच्या ऑफिसात तुम्ही कारकून. बाप्तिस्म्याचं मोठं रजिस्टर फादरांचं, पण त्याच्या जोडीला तुमची स्वतःची एक लांबुडकी वही असायची. बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारा धर्मपिता असो की धर्ममाता, लिहिता येवो न येवो, प्रत्येकाचा डावा अंगठा, पुढे नाव, तारीख, वेळ आणि शेवटी तुमचा शेरा. सुटाबुटातली, शिकलीसवरलेली माणसं यायची आणि तुम्ही त्यांच्यापुढे शाईचं पॅड सरकवायचात. "सही कोणीही कोणाची ठोकतो. अंगठा उसना मिळत नाही," हे तुमचं ठरलेलं उत्तर. शाळेत पोरी मला अंगठेबहाद्दर म्हणायच्या. वडील काय करतात असं कुणी विचारलं, तर मी नुसतं "ऑफिसात असतात" म्हणून विषय बदलायचे. लाज वाटायची मला, आज सरळच सांगते.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. पापडीत एका बेकरीच्या वर दोन खोल्यांची एक संस्था होती, तिथे बिनपगारी उमेदवारी करायला लागले. परदेशात खटल्यात अडकलेल्या आपल्या माणसांना तिथला वकील मिळवून द्यायचा, इथले कागदपत्र जमवून पाठवायचे, हे संस्थेचं काम. सगळा कारभार एका वयस्क वकीलबाईंच्या हातात, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. माझ्याकडे टायपिंग, फॅक्स, आणि रडत आलेल्या घरच्यांना चहा पाजणं. खालून पावाचा वास यायचा आणि भूक लागायची, तेवढीच काय ती कमाई.

एक दिवस पाचूबंदरची एक बाई जिना चढून येते. मासे विकून तशीच आलेली, रिकामी पाटी दाराशी ठेवते. तिचा मुलगा आखातात हॉटेलच्या भटारखान्यात कामाला लागून चार महिने झालेले, आणि त्याला पकडलेलं. दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या रविवारी, तिथलं एक दुकान फोडून कुणीतरी पहारेकऱ्याचं डोकं फोडलं होतं. पळालेल्या चोराचं नाव आणि याचं नाव एकच, वर एका साक्षीदाराने "हाच तो" म्हणून बोट दाखवलेलं. मी पहिल्यांदाच या देशात आलोय, असं तो पासपोर्ट दाखवून सांगत होता. तेव्हा दुसऱ्या पासपोर्टवर आला असशील, असं सरकारी वकिलाचं म्हणणं. शिक्षा झाली असती तर पोराची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती. मॅडमनी विचारलं, त्या रविवारी तो इथे होता याचा काही कागद? बाईकडे कुठला कागद असणार! ती माझ्याकडे बघत राहिली, मी कुणाची मुलगी ते तिला ठाऊक होतं. मग म्हणाली, "बाय, त्या दिवशी माज्या नातीचा बाप्तिस्मा होता, तुमच्याच चर्चात. तो धर्मपिता. तुज्या बापानं त्याचा आंगठा घेतलाय. शाई जाईना म्हनून आठवडाभर चिडलेला."

पप्पा, मी चप्पल घालायचीसुद्धा विसरले. सायकल दामटत चर्चवर गेले, फादरांकडून कपाटाची किल्ली घेतली, आणि पान सापडलं तेव्हा तिथेच जमिनीवर बसले. नाव, तारीख, अंगठा. अंगठ्याशेजारी तेलाचा डाग. आणि तुमच्या त्या टोचऱ्या अक्षरात शेरा: "दुपारी सव्वाबारा. विधीनंतर न सांगता जेवायला गेला. पंगतीतून उठवून, हात धुववून घेतला. हात नीट धुतला नाही." मला तो दिवस आठवला. वही काखेत मारून तुम्ही मांडवात शिरलात, पानावर मटण वाढलेलं, सगळा मांडव खो खो हसतोय, आणि मी खांबामागे लपतेय.

प्रमाणित प्रती केल्या, भाषांतरं केली. फादरांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलं. मॅडम मजकूर सांगत होत्या: "या वहीतला प्रत्येक अंगठा समक्ष घेतलेला आहे." माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "मॅडम, 'हा अंगठा' एवढंच लिहू या. बाकीच्यांचं आपल्याला काय माहीत?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "वकील होशील तू." तिथल्या कोर्टात आरोपीचा अंगठा घेऊन ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. तुमचा शेरा अरबीत वाचून दाखवला गेला, आणि हात नीट न धुतल्याच्या वाक्याला न्यायाधीश हसले, असं तिथल्या वकिलाने कळवलं. निर्दोष, असा फॅक्स आला तेव्हा मी जिन्यावरून ओरडत खाली गेले. बेकरीवाल्याने गरम पाव वाटले, आणि त्या बाईने माझी पापी घेऊन माझ्या ड्रेसला आठवडाभर पुरेल एवढा बोंबलाचा वास लावला. पोरगा परतला तेव्हा पाचूबंदरला ब्रास बँड लावला होता. पण आईने त्याला आधी तुमच्या कबरीवर आणलं. मेणबत्ती लावून तो म्हणाला, "काका, तवा तुमाला लय शिव्या घातल्या. माफी करा." त्या दिवसापासून कुणीही विचारलं तरी मी छाती काढून सांगते, माझे वडील अंगठे घ्यायचे.

हे पत्र कबरीवर ठेवणार होते, पण तिथे ठेवलं तर आधी फादर वाचतील, म्हणून माझ्या घरच्या कपाटातच राहू दे. 'हा अंगठा' एवढंच लिहू या म्हटलं, तेव्हा मॅडमना वाटलं मी कायद्याने विचार केला. तसं नव्हतं. मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला वही देऊन एका म्हाताऱ्या धर्ममातेकडे पाठवलं होतंत, ती अंगठा न देताच घरी निघून गेली होती. ऊन फार होतं, तिचं घर लांब होतं, आणि मी चिंचेखाली बसून गोष्टीचं पुस्तक वाचलं. तुम्ही पुढे शेरा लिहिलात, "मुलीने घरी जाऊन घेतला." खाली सही करत नाही, डावा अंगठा देते. तिच्या नावापुढच्या अंगठ्याशी ताडून बघा. जुळेल.