पुसलेली कॅसेट आणि राहते घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, देवाला स्मरून आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी फी घेतली आहे, तेव्हा तो खरा मानावा.

१. राहते घर माझ्या नावावर असले तरी ते यजमानांच्या परदेशातल्या सतरा वर्षांच्या नोकरीवर उभे राहिले. नोकरी संपवून आले तेव्हा दारात बूट काढून त्यांनी विचारले, "बाथरूम कुठंय?" मुलगा म्हणाला, "या, दाखवतो." तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखेच राहतात. म्हणून घर त्यांना. त्यांच्यामागे मुलाला. ते आहेत तोवर मुलाने विकण्याचा विषय काढू नये.

२. देवाचा दिवा सूनबाईला. वात बारीक ठेवावी. देवाला तेवढा उजेड पुरतो.

३. टेपरेकॉर्डर यजमानांना. त्याबाबत एक कबुली आहे.

हे तिकडे असताना आमच्यात एकच कॅसेट जात-येत असे. त्यांचे ऐकायचे, त्यावरच आपले बोलायचे आणि परत पाठवायची. नवी कशाला, असे मीच ठरवले होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर आठ दिवस मला दार बाहेरून लावायला सांगून लेकाशी त्या कॅसेटवर बोलल्या. कॅसेट पाठवायच्या आधीच त्या गेल्या. मी सवयीने ती मागे फिरवली आणि त्यावर त्या गेल्याचा निरोप सगळ्या हकिकतीसह बोलले.

यजमानांना माझा निरोप ऐकू आला आणि तो संपल्यावर त्यांच्या आईचे एकच वाक्य: "बाकी सगळं मघाशी सांगितलंच आहे, जेवत जा वेळेवर."

परत आल्यावर त्यांनी पहिल्या रात्री विचारले, "आई काय म्हणाली होती?" मी म्हणाले, दार लावलेले होते, मला माहीत नाही. हे खरे आहे. "मग पुसलंस कसं?" मी म्हणाले, लक्षात राहिले नाही. हे खोटे आहे. निरोप बोलता बोलता अर्ध्यात आठवले होते. थांबले असते तर अर्धे वाचले असते. निम्मे गेलेच आहे, आता निरोप तरी पुरा होऊ दे, असे मनाशी म्हणून बोलत राहिले.

त्यानंतर ते माझ्याशी थेट बोललेले नाहीत. "सांग तुझ्या आईला, चहा नको." मुलगा वैतागतो, "मी काय पोस्टमन आहे का?" चौदा वर्षे झाली. ती कॅसेट ते रोज शेवटाकडून लावतात, म्हणजे माझा आवाज लागत नाही.

४. माझ्या कपाटात, जाड साडीखाली, एक नवी कॅसेट आहे. वेष्टन फोडलेले नाही. त्यावर मी काही बोललेले नाही. मी गेल्यावर यजमानांना मला काही सांगायचे असल्यास मुलाला मध्ये घालू नये.

वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे. खाडाखोड एकच, कलम १ मध्ये, "पाहुण्यासारखेच" या शब्दाजवळ. तो शब्द आधी खोडला होता, मग राहू दिला.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही). मजकूर वाचलेला नाही, मीच वाचू दिला नाही.
२. डॉक्टर (सही). वाचला आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. मंगळवार, तारीख बारा. यजमान बाहेरच्या खोलीत आहेत.