तोंडावरचा रिपोर्ट

सोमवार, ३ मार्च २०२५
लागली एकदाची नोकरी! मुलुंडचं स्कॅन सेंटर, एसी एवढा गार की स्वेटर न्यावा लागणार. हृदय कमजोर झालेल्या पेशंटला शिरेतून किरणोत्सारी औषध द्यायचं, कॅमेऱ्याखाली झोपवायचं आणि हृदयाचा फोटो काढायचा. सहा महिन्यांनी पुन्हा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पेशंट कितपत तग धरेल ते श्यामकांत सर सांगतात. महिन्याभराने घरी फोन करून विचारपूस करायची, तेही माझ्याकडेच. पप्पांचा पहिला फोटो डिसेंबरात इथेच निघाला. जूनमधला दुसरा मीच काढणार! साकीनाक्याच्या वर्कशॉपात जन्म घालवलेला माणूस, आता भटवाडीभर सांगत सुटलाय, आमची गंधाली हार्टचे फोटो काढते.

शुक्रवार, ७ मार्च
कुंदाताई इथली जुनी नर्स. तिने बजावलं, रिझल्ट सर सांगतील, आपण तोंड उघडायचं नाही. पण पेशंट टेबलावरून उठला की आधी माझ्या तोंडाकडेच बघतो ना! आज सावंतकाका. दुसरा फोटो पहिल्याहून वाईट, अर्धं हृदय काळं. मला कसंतरीच झालं, म्हणून उगाच छान हसले. काका एकदम खूश.

मंगळवार, १८ मार्च
अक्कलदाढेने वाट लावली. दिवसभर तोंड वाकडं. रत्नप्रभाबाईंचा फोटो किती सुधारलेला! त्या मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. बाहेर कुंदाताईला म्हणाल्या, पोरीच्या तोंडावरूनच कळलं. दाढ दुखतेय एवढं तरी सांगायचं होतं. नियम म्हणून गप्प बसले. मूर्ख.

शनिवार, १९ एप्रिल
फोन केले. सावंतकाका बाजारात होते, सुरमई घेत. रत्नप्रभाबाई चौथ्या दिवशीच गेल्या. सर म्हणाले, असं होतं कधी कधी. मग मी बसून माझ्या सगळ्या पेशंटची नावं काढली. ज्यांच्याकडे बघून हसले ते सगळे आहेत, फोटो कसाही असो. दाढेच्या दिवशी आलेले तिघे... तिघेही नाहीत.

सोमवार, ५ मे
कुंदाताईला सांगितलं. म्हणाली, वेडी आहेस का गं, स्वतःला देव समजतेस? देव कसली डोंबलाची! पगारात हसणं धरलेलं नाही, तरी नऊ ते पाच हसते. गाल दुखतात. किती गोड मुलगी, म्हणतात. चीड येते सगळ्यांची. स्वतःचीसुद्धा.

गुरुवार, २२ मे
दहा दिवस मास्क लावला. सुटले, म्हटलं. पण डोळ्यांत बघतात मेले—
‘मेले’ लिहिलं मी.
सौरभ. वय एकतीस. एप्रिलात त्याचा फोटो काढला त्या दिवशी मी नुसती थकले होते. आज त्याच्या बायकोला फोन केला, आणि ती—

मंगळवार, ३ जून
उद्या पप्पांचा नंबर. दुसऱ्या सेंटरला जाऊ म्हटलं. हात जोडले. ऐकत नाहीत. लेकीच्याच हातून काढणार म्हणे. आरशासमोर हसून बघितलं. आई म्हणाली, असं नको करूस, भीती वाटते.

बुधवार, ४ जून
पप्पा टेबलावर. फोटो आला. सुधारलाय! इतका सुधारलाय की—
डोळ्यांत पाणी. आनंदाचंच. पुसतेय, थांबत नाही. कुंदाताई जेवायला गेलीय. दुसरं कोणीच—
पप्पा उठून बसले. काचेतून बघतायत. हसतेय मी, पप्पा, हे बघा, हसतेच आहे—
छातीवर हात ठेवून विचारतायत, रडतेस का गं, एवढं वाईट—